सिद्धार्थ देसाई आणि यू मुंबा (२०१९)

प्रो कबड्डी लीगच्या सातव्या हंगामापूर्वी यू मुंबा संघाने आपला आघाडीचा चढाईपटू सिद्धार्थ देसाई याला कायम न ठेवता लिलावात जाऊ दिले. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत झालेल्या त्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाख रुपयांना घेतले. हंगामातली ती सर्वांत मोठी बोली. मुंबईने घोडचूक केली, हे मत मराठी कबड्डीरसिकांत तेव्हा पक्के झाले. आकडे मात्र त्याला फारशी साथ देत नाहीत.

देसाई हा कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या हुंदळेवाडीचा. हा तालुका कर्नाटकाला खेटून आहे आणि त्याला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ. बेळगाव, मच्छे, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी प्रेक्षकाला यू मुंबा आणि पुणेरी पलटण भाषेने जवळचे, तर बेंगळुरू बुल्स राज्याने. देसाईच्या रूपाने अगदी शेजारचा मुलगा मुंबईकडून खेळत होता, त्यामुळे त्याचे जाणे इथे जरा अधिकच लागले असणार.

सहाव्या हंगामासाठी (२०१८) मुंबईने त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतले होते. पुण्याविरुद्धचा त्याचा पहिला सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला आणि पहिल्या चार सामन्यांतच त्याने चढाईच्या गुणांचे अर्धशतक गाठले. हंगामअखेर २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण झाले. त्याच्या पुढे फक्त पवन सेहरावत आणि परदीप नरवाल होते. सर्वोत्तम नवोदिताचा मानही त्यालाच मिळाला. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची आणि भरभक्कम खांदे असल्यामुळे त्याचा खेळ हुलकावणीपेक्षा ताकदीचा. कोपरारक्षकाने घोटा धरलेला, बाकीचे दोघे कमरेला आणि पाठीला झोंबलेले, तरी हा गडी सगळ्यांना ओढत मध्यरेषेवर हात टेकवायचा. ‘बाहुबली’ हे नाव त्यामुळेच पडले. संघाची मजल मात्र बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यापर्यंत गेली. उत्तर प्रदेशच्या यू.पी. योद्धाने मुंबईला ३४-२९ असे हरवले. त्या योद्धा संघात रिशांक देवाडिगा होता, तोही मुंबईनेच आधी गमावलेला.

कबड्डीतले हे हस्तांतर बास्केटबॉलमधल्या अदलाबदलीपेक्षा वेगळे असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला दिला, तेव्हा बदल्यात अँथनी डेव्हिस आला. काय दिले आणि काय घेतले ते तिथे समोरासमोर मांडता येते, आणि व्यवहार अंगलट आला म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथल्या महाव्यवस्थापकाची नोकरीही गेली. लिलावात खेळाडू सोडला की हाती उरतात ते फक्त पैसे. २०१९ मध्ये प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा ४ कोटी ४० लाखांची होती. देसाईची बोली एकटीच तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा खात होती. मुंबईने कायम ठेवलेला कर्णधार, इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली, आदल्या वर्षी १ कोटीला आलेला. दोघांनाही ठेवायचे तर निम्म्याहून अधिक रक्कम दोन माणसांवर जाणार. मुंबईने पकडीवर भर दिला. संदीप नरवालला ८९ लाखांत घेतले आणि चढाईचा भार अभिषेक सिंग, अर्जुन देशवाल यांसारख्या तरुणांवर टाकला.

सातव्या हंगामात मुंबई साखळीत चौथी आली, हरियाणा स्टीलर्सला ४६-३८ असे हरवून उपांत्य फेरीत पोहोचली आणि तिथे पुढे विजेता ठरलेल्या बंगाल वॉरियर्सकडून अवघ्या दोन गुणांनी, ३५-३७, हरली. म्हणजे देसाईविना संघ एक पायरी वरच चढला. तिकडे देसाईने चढाईचे २१७ गुण मिळवले, आदल्या वर्षीपेक्षा एकच कमी. सोबत त्याचा भाऊ सूरज होता, आणि मुंबईत त्याला घडवणारे प्रशिक्षक गुलामरझा माझंदरानीही आता टायटन्सकडेच होते. तरीही टायटन्स बारा संघांत अकराव्या क्रमांकावर राहिले. एकट्या चढाईपटूने गुण आणायचे आणि बचावफळीने ते वाटून टाकायचे, असा तो हंगाम होता.

पुढच्या, आठव्या हंगामासाठी टायटन्सने १ कोटी ३० लाखांची बोली मान्य करून त्याला परत घेतले. खांद्याच्या दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळू शकला, आणि संघाने बावीसपैकी एकच सामना जिंकला. दुखापत २०१९ मध्ये कुणाला दिसणार नव्हती, म्हणून तिचे श्रेय मुंबईच्या व्यवस्थापनाला देणे बरोबर नाही. दहाव्या हंगामात हरियाणाने देसाईसाठी पुन्हा १ कोटी मोजले. त्याच्या गुणवत्तेवर शंका कधीच नव्हती.

मुंबईची खरी चूक शोधायची तर ती देसाईपाशी नव्हे, देशवालपाशी सापडते. देसाईच्या जागी ज्याला वाढवले, त्यालाच आठव्या हंगामापूर्वी हातचा जाऊ दिले. जयपूर पिंक पँथर्सने देशवालला ९६ लाखांत घेतले. त्याने त्या हंगामात चढाईचे २६७ आणि नवव्या हंगामात २९६ गुण मिळवून जयपूरला विजेतेपद मिळवून दिले. आठव्या हंगामात मुंबई दहावी आली. या वेळी मात्र चंदगड-बेळगावकडून फारशी ओरड झाली नाही. देशवाल उत्तर प्रदेशचा.