नांगरदोराची घासण
होडी नांगरलेली किंवा काठाला बांधलेली असताना तिचा दोर कठीण कडेवर एकसारखा घासून त्याचे पदर तुटत जातात, ती झीज म्हणजे घासण होय. भोर तालुक्यात येळवंडी नदीवरील भाटघर व राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात आंबी नदीवरील पानशेत या जलाशयांत भरती-ओहोटी नसली, तरी पावसाळ्यात साठलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत बरेच खाली जाते, काठ मागे सरतो आणि उघड्या पडलेल्या काळ्या बेसाल्टच्या धारदार कडा दोराला लागतात. खडकापेक्षाही अधिक दगा देते ती होडीवरून दोर बाहेर पडण्याची जागा : वाऱ्याने होडी हेलकावली की नायलॉनचा दोर ताणाने लांबतो, सैलावताच आखडतो, आणि दर हेलकाव्याला तीच वीतभर जागा घासून आधी पिंजारते, मग पीळ सोडते. म्हणून तेथे जाड कापड गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने घट्ट बांधावीत आणि अधूनमधून दोर हातभर सोडून घासणारी जागा बदलावी. प्लॅस्टिकच्या बंद नळीत घर्षणाची उष्णता कोंडून नायलॉन कमजोर होतो, त्यामुळे पाणी झिरपू देणारे कापडच बरे. पिंजारलेला दोर गाठ मारून वापरू नये. तो भाग कापूनच टाकावा.