विलायतेचे तीन हिवाळे

बाबासाहेब घटनाकार, एवढंच आपल्याला शाळेत शिकवलं. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचं खातं त्यांच्याकडेच होतं, हे आपल्यातल्याही कितीकांना ठाऊक नसतं. २५ ऑक्टोबर १९४३ ला वीजधोरणाच्या समितीपुढं त्यांनी सवाल टाकला : या देशाला वीज हवी कशाला? उत्तरही त्यांनीच दिलं. कारखानदारी उभी राहायला, आणि ती हवी माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटायला. त्याच टेबलावर दुसरी फाइल होती, कोळसाखाणीतल्या मजुरांची. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या खाणीत स्वतः उतरले. १९४४ च्या सुरुवातीला खाणमजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. युद्धाला कोळसा कमी पडतो म्हणून बायकांना पुन्हा खाणीत खाली उतरवण्याचा सरकारी निर्णयही सभागृहात त्यांनाच मांडावा लागला. तेही लपवायचं कारण नाही.

वीज आणि कोळसा खणणारा माणूस, या दोन फायली एका टेबलावर होत्या. एरवी त्या वेगळ्या असतात. वेगळ्या ठेवल्या की काय होतं, ते विलायतेत तीन हिवाळे दिसलं.

तिकडचा हिवाळा म्हणजे आपली शेकोटीपुरती थंडी नव्हे. दुपारी चारला अंधार पडतो. घर ऊबदार ठेवायला वीज, त्यामुळं मागणी हिवाळ्यात चढते. आणि त्या काळी तिथली बहुतेक वीज कोळशाची.

१९५७ ला तिकडे सात लाखांच्या आसपास खाणकामगार होते. तेल स्वस्त झालं, खाणी बंद पडत गेल्या, १९७२ ला उरले २ लाख ८० हजार. पगारही इतर कारखान्यांच्या मागं पडला. ९ जानेवारी १९७२ ला सगळे बाहेर पडले. १९२६ नंतरचा पहिला देशव्यापी खाणसंप. सरकार निवांत होतं. वीजकेंद्रांच्या आवारात कोळशाचे ढीग पडलेत, घाबरायचं कशाला?

इथं खाणवाल्यांनी डोकं चालवलं. ते खाणीच्या तोंडाशी बसून राहिले नाहीत. थेट वीजकेंद्रांच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. कारण वीजकेंद्र नुसत्या कोळशावर चालत नाही. बॉयलर पेटवायला आधी तेल लागतं. मोठी जनित्रं थंड ठेवायला हायड्रोजन लागतो. तेलाचे टँकर आणि हायड्रोजनच्या गाड्या फाटकावरून माघारी जायला लागल्या. आत कोळसा आहे, पण पेटवायची पंचाईत. रेल्वेच्या पुलाला युनियनचा फलक टांगला की आगगाडीचा ड्रायव्हर गाडी थांबवायचा. फलकाखालून पुढं न्यायचा नाही. तोही कामगारच. इस्पितळं, शाळा, म्हातारी माणसं यांना मात्र कोळसा द्यायचा, हे युनियननं स्वतःच ठरवलं होतं. ३ फेब्रुवारीला कीडबी वीजकेंद्राबाहेर एक खाणकामगार लॉरीनं चिरडून मेला.

९ फेब्रुवारीला सरकारनं आणीबाणी पुकारली. दुसऱ्या दिवशी बर्मिंगहॅमच्या सॉल्टली कोक डेपोवर शहरातले हजारो इंजिनिअरिंग कामगार काम टाकून चालत आले. त्यांच्या खिशात त्या संपातून एक दमडी पडणार नव्हती. पोलिसांना फाटक बंद करावं लागलं. कुठल्या भागात कधी वीज जाणार, त्याच्या याद्या वर्तमानपत्रं छापत होती. काही ठिकाणी दिवसाला नऊ तास काळोख. १८ फेब्रुवारीला लॉर्ड विल्बरफोर्सच्या चौकशीनं खाणवाल्यांची बाजू बरीचशी मान्य केली. महिनाअखेरीला ते जिंकून कामावर गेले.

(आपल्याकडेही 'अत्यावश्यक सेवा' नावाचे कायदे आहेत. माणूस अत्यावश्यक ठरतो तो संपाच्या दिवशी. पगाराच्या दिवशी त्याला कोण ओळखतं?)

दुसरा हिवाळा १९७३-७४ चा. अरबांनी तेल आवळलं होतं, वर खाणवाल्यांनी ओव्हरटाइम बंद केला. पंतप्रधान हीथनं १ जानेवारी १९७४ पासून कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज दिली. टीव्ही रात्री साडेदहाला बंद. एक मंत्री जनतेला म्हणाला, अंधारात दात घासा. वर्तमानपत्रानं त्याच्याच घराचा फोटो छापला, दिवे चालू! देशावर राज्य कुणाचं, असं विचारत हीथनं २८ फेब्रुवारीला निवडणूक घेतली आणि सत्ता घालवली.

दोस्तहो, इथपर्यंतचं पान आपण आवडीनं वाचतो. सभेत सांगतोही. पुढचं वाचत नाही.

जिंकलेले घरी गेले आणि हरलेले अभ्यासाला बसले. हुजूर पक्षाच्या निकोलस रिडलीनं एक टिपण तयार केलं. १९७८ ला ते फुटून छापून आलं. त्यात काय होतं? वीजकेंद्रांत कोळसा साठवा. बाहेरून आणायची सोय ठेवा. युनियनमध्ये नसलेले लॉरी ड्रायव्हर हाताशी धरा. केंद्रं तेलावरही चालतील असं करा. फिरतं पोलीसदल उभारा. संपकऱ्याचा पैसा तोडा. म्हणजे '७२ ला फाटकावर जे जे अडलं, त्या प्रत्येकाला उतारा. १९७९ ला थॅचरबाई आल्या. फेब्रुवारी १९८१ ला खाणबंदीवरून संपाची धमकी आली, तेव्हा साठा पुरेसा नव्हता, तर बाई मुकाट मागं सरल्या. मग साठा करत राहिल्या.

संप आला मार्च १९८४ ला, हिवाळा सरताना. मागणी उतरणीला लागलेली, ढीग भरलेले. युनियननं देशभर मतदान घेतलं नाही, आणि नॉटिंगहॅमशरचे बहुतेक खाणवाले कामावर राहिले. मला विचाराल तर तिथंच निम्मा घात झाला. तेलाची केंद्रं भरमसाट पैसा ओतून चालवली. डिसेंबरअखेर ऊर्जामंत्री पीटर वॉकरनं सांगून टाकलं, १९८५ मध्ये वीज जाणार नाही. ती गेलीही नाही.

सुरक्षित राहिला तो वीजपुरवठा. खाणवाल्यांच्या वस्त्यांत मात्र चूल पेटवायला कोळसा नव्हता. पोरं, बायाबापड्या मातीच्या ढिगांतून तुकडे वेचत होत्या. नोव्हेंबर १९८४ मध्ये यॉर्कशरच्या गोल्डथॉर्पला कोळसा उकरताना माती कोसळली आणि दोन सख्खे भाऊ गाडले गेले. एक पंधराचा, एक चौदाचा.

३ मार्च १९८५ ला संप मागं घेतला. कित्येक ठिकाणी माणसं बँड लावून, युनियनचं निशाण पुढं धरून कामावर गेली. नंतर खाणी एकेक करून बंद झाल्या. शेवटची खोल खाण केलिंगली, डिसेंबर २०१५ ला. कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र रॅटक्लिफ, ३० सप्टेंबर २०२४ ला.