दक्षिण महाराष्ट्रातील उद्योगकेंद्रे : आश्रय, गरज आणि कसब

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाची मांडणी बहुधा मुंबईपासून सुरू होते आणि मुंबईतच संपते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उभ्या राहिलेल्या कापडगिरण्या आणि १९८२ चा गिरणी संप ही तिची दोन टोके होत. या मांडणीत मिरज, किर्लोस्करवाडी, कोल्हापूर आणि इचलकरंजी यांना अनुषंगाने जागा मिळते. वस्तुतः एखादे गाव एकाच जिनसात प्रवीण का होते, या प्रश्नाचा उलगडा सांगली-कोल्हापूर या लगतच्या दोन जिल्ह्यांतील या केंद्रांवरून अधिक चांगला होतो.

ही चारही ठिकाणे स्वातंत्र्यापूर्वी संस्थानी वा जहागिरी अमलाखाली होती. त्यामुळे त्यांच्या उद्योगाचे श्रेय राजाश्रयाला देण्याचा प्रघात पडला. तो निराधार नाही. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकालगतचा माळ दिला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली आणि १९०६ मध्ये कापडगिरणीची पायाभरणी केली. इचलकरंजीत नारायणराव घोरपडे यांच्या कारकिर्दीत, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग आणला. तथापि आश्रयाने उद्योगाला जागा व भांडवल मिळाले, एवढेच यातून सिद्ध होते. त्या जागेत नेमकी कोणती वस्तू घडावी, हे मात्र भोवतालच्या गरजेने आणि उपलब्ध कसबाने ठरविले.

मिरजेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील सतारी व तंबोरे घडविणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा हे हात वाद्यांकडे वळले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या परिसरातून येई. गायकांचा राबता मिरजेत होताच, आणि अब्दुल करीम खाँ यांच्या वास्तव्याने तो वाढला. काही कुटुंबांचे आडनावच पुढे ‘सतारमेकर’ झाले. व्यवसाय बदलला, परंतु धातूला व लाकडाला आकार देणाऱ्या हाताची शिस्त तीच राहिली.

किर्लोस्करवाडी आणि कोल्हापूर येथे गरज शेतीची होती. लोखंडी नांगराने जमीन बिघडते, या समजुतीमुळे किर्लोस्करांच्या नांगराला आरंभी गिऱ्हाईक मिळेना. शेतकऱ्याचे मन वळविणे हा त्यामुळे कारखानदारीचाच भाग झाला. १९२० मध्ये निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक झाले, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नेहमी सांगितली जाते. त्याचा उगम एका कारखान्यात आहे, याचा अर्थ मात्र क्वचितच उलगडला जातो. कोल्हापूरच्या परिसरात ऊस आणि गूळ वाढला, तसे चरक व पाणी उपसणारी तेलइंजिने आली. इंजिन बिघडले की सुटा भाग इथेच घडवावा लागे. या दुरुस्तीतूनच साचा काढणारे, भट्टीवर बीड ओतणारे आणि लेथ चालविणारे मेस्त्री तयार झाले. उद्यमनगरातील ओतशाळा आज मोटारींचे सुटे भाग घडवितात, त्यामागे हीच परंपरा आहे. ज्या शहरात बाबूराव पेंटर यांनी देशी कॅमेरा सिद्ध केला, तेथील यांत्रिक वातावरणाचा विचार चित्रपटाच्या इतिहासातही व्हावयास हवा.

इचलकरंजीचे चित्र काहीसे निराळे आहे. येथे उत्पादन एका छपराखाली न राहता सायझिंग, कांड्या भरणे, विणणे अशा टप्प्यांत घरोघरी वाटले गेले. गिरणीचा कामगार न होता स्वतःच्या दोन-चार मागांचा मालक होण्याची वाट यातून अनेकांना मिळाली. पण सूत व्यापाऱ्याचे आणि माग आपला, अशा ‘खर्चीवाल्या’ मागधारकाच्या मालकीला मर्यादा आहेत. मजुरीचा दर त्याच्या हाती नसतो. आणि त्याच्या मागावर राबणारा कामगार तर त्याहूनही दुबळा ठरतो. लघुउद्योगाच्या गौरवात ही उतरंड दडून जाते.

मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. मानांकनाने वस्तूच्या नावाचे रक्षण होते. ती घडविणारा हात टिकतोच असे नाही. तो टिकावयाचा तर पुढच्या पिढीला त्या कामावर संसार चालविता आला पाहिजे. इतिहासलेखनाचीही येथे कसोटी आहे. संस्थानिकांची दप्तरे आहेत, संस्थापकांची चरित्रे आहेत. मेस्त्री, ओतारी आणि खर्चीवाला यांनी मात्र स्वतःविषयी फारसे लिहून ठेवलेले नाही. त्यांचा पुरावा आडनावांत, हत्यारांच्या नावांत आणि कामाच्या बोलीत शिल्लक आहे. कारखाने बंद पडले की ही बोलीही विरते. म्हणून तिची नोंद करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे जितके काम आहे, तितकेच ते इतिहासकाराचेही आहे.