उसाच्या समुद्रातले बेट : सागरेश्वरच्या मानवनिर्मित अरण्याचा इतिहास

१/ सागरेश्वर या नावात सागर आहे. समुद्र मात्र सह्याद्रीपलीकडे, कोकणात. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावाजवळच्या डोंगरकुशीत समुद्रेश्वर महादेवाचे मंदिर आणि भोवती ५१ मंदिरांचा समूह आहे. त्यांतील काही मंदिरे चालुक्यकालीन मानली जातात. याच डोंगरावर विसाव्या शतकात एक बेट घडवले गेले. ते अरण्याचे होते.

२/ हा मुलूख मूळचा साताऱ्याचा. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, तर शेजारचे कुंडल हे प्रतिसरकारचे केंद्र. या राजकीय इतिहासाच्या छायेत येथील वनाचा इतिहास काहीसा झाकला गेला.

३/ सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, चांदोलीत, पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेकडे सरकावे तसा तो आटत जातो. सागरेश्वरचा डोंगर या पर्जन्यछायेतला. चराई आणि तोड यांनी उघडे पडलेले असे डोंगर पुन्हा हिरवे व्हावेत, हा ध्यास मोहित्यांचे वडगाव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी घेतला. लोकसहभाग आणि वनखाते यांच्या बळावर झाडे उभी राहिली.

४/ झाडे लावता येतात. वन्यप्राणी आणावे लागतात. येथील सांबर, चितळ, काळवीट यांतील बहुतेकांचे पूर्वज बाहेरून आणून सोडलेले. १९८५ मध्ये या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. त्याच वर्षी अभयारण्य झालेले कोयना ४२३ चौरस किलोमीटरांहून मोठे आहे, यावरून या बेटाचा आकार कळावा.

५/ 'बेट' हा शब्द येथे केवळ अलंकार नव्हे. १९६७ मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बेटांवरील जीवसृष्टीचा सिद्धान्त मांडला : बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून दूर, तितक्या तेथे टिकणाऱ्या जाती कमी. पुढे अभ्यासकांनी तोच विचार शेतीने वेढलेल्या वनांना लावला. सागरेश्वरभोवती कृष्णाकाठचा ऊस आहे. ताकारी उपसा योजनेचे पाणी कोरडवाहू रानात पोहोचले, तसा हा हिरवा समुद्र आणखी पसरला.

६/ पावसाळा : मृगाच्या सरींबरोबर पावशाची 'पेर्ते व्हा' ही साद घुमते. मोर पिसारा फुलवतात आणि पाऊस ओसरला की ती लांब पिसे गळू लागतात. सांबराच्या नराची नवी शिंगे या काळात मखमली आवरणाखाली वाढत असतात. श्रावणात खाली मंदिरांत भाविकांची वर्दळ, तर वर गवत दाट.

७/ हिवाळा : गवत पिवळे पडते. सांबराची शिंगे आता टणक झालेली. नरांच्या झुंजींचा हा हंगाम. काळवीट उघड्या माळावर दिसतो. त्याची पिळदार शिंगे मात्र कधी गळत नाहीत. सांबर आणि चितळ यांची दरवर्षी गळतात व पुन्हा येतात.

८/ उन्हाळा : पानगळीने डोंगर उघडा होतो, पळस पेटतो, पाठोपाठ बहावा पिवळा होतो. प्राणी सर्वाधिक दिसतात ते आताच. कारण आडोसा उरत नाही आणि तहान त्यांना पाणवठ्यावर आणते. पाहणाऱ्याचा सुकाळ तोच प्राण्याचा कठीण काळ. येथे बारमाही नैसर्गिक पाणी नसल्याने कृत्रिम पाणवठे हाच आधार.

९/ बेटाचा खरा पेच येथेच उघड होतो. कळपांना आवर घालणारा वाघ येथे नाही. हरणे वाढतात, चारा तेवढाच राहतो, आणि कुंपणापलीकडे हिरवे पीक उभे असते. हरणे शेतात उतरली की नुकसान सोसतो तो भोवतालचा शेतकरी, म्हणजे ज्या गावांच्या साथीने हे वन उभे राहिले, तीच गावे. चारा, पाणी, कुंपण आणि पिकांची भरपाई हे प्रश्न म्हणून दरवर्षी नव्याने उभे राहतात.

१०/ उघडा डोंगर पुन्हा अरण्य होऊ शकतो, हे सागरेश्वरने दाखवले. माणसाने घडवलेले अरण्य माणसाने एकदा घडवून सोडून देता येत नाही, हेही त्यानेच दाखवले. समुद्रातल्या बेटावर पाखरे आणि बिया वाऱ्यावर, लाटांवर येतात. पण सांबराला उसातून वाट नाही. या बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा दुवा अजून तरी माणूसच आहे.