माशी कुठे शिंकते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आम्ही खाडीकाठची माणसे. गळ टाकून मासे धरण्याला आमच्याकडे ‘गरवणे’ म्हणतात. ते मला वडिलांनी सहाव्या-सातव्या वर्षी शिकवले. बांबूची काठी, दोरी, शिशाचा तुकडा, गळ आणि गळाला कोळंबी, एवढ्या भांडवलावर माझ्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. त्यामुळे निवृत्तीनंतर नातवाला घेऊन हिमाचलात, कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर ट्राउट धरायला निघालो तेव्हा मनात धाकधूक अशी नव्हतीच. ‘आजोबा, मासा मिळेल ना?’ असे त्याने विचारले, तेव्हा ‘बघच तू’ म्हणून मी मिशीवर ताव दिला. रीतसर परवाना काढला. शहरातल्या एका दुकानातून महागडी काठी आणि चाळीस कृत्रिम माश्यांची डबी आणली होती. पहिले दोन दिवस एकही मासा लागला नाही.

हा प्रकार आपल्या गरवण्याहून वेगळा आहे. याला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. गळावर पिसे, लोकर, रेशीम गुंडाळून पाण्यावरच्या किड्यासारखी एक खोटी माशी बनवायची आणि ती ट्राउटपुढे सोडायची. मासा लागत नाही म्हटल्यावर मी दर दहा मिनिटांनी माशी बदलत होतो. काळी काढली, तपकिरी लावली. मोठी काढली, बारीक लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी काठावरचे एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. त्यांनी माझी डबी हातात घेतली, शांतपणे बंद केली आणि म्हणाले, “बाबूजी, मक्खी बाद में. पहले पानी देखिए.” मग मला अर्धा तास एका दगडावर नुसते बसवून ठेवले.

नातवासमोर झालेली ती शोभा मनाला लागली. पण घरी आल्यावर या विषयाची जुनी पुस्तके चाळली तेव्हा बरे वाटले. ‘कोणती माशी लावू?’ या प्रश्नावर माझ्याआधी शेकडो वर्षे भलीभली माणसे अडखळली होती.

सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या एका नदीची हकीकत लिहून ठेवली आहे. तिथले ठिपक्याठिपक्यांचे मासे पाण्यावरची एक माशी आवडीने खात. पण ती माशी हातात धरली की तिचा रंग उडे आणि पंख कोमेजत. म्हणून तिथल्या कोळ्यांनी गळावर लाल लोकर गुंडाळून वर कोंबड्याची दोन पिसे बांधली. गरज ही शोधाची जननी म्हणतात, त्याचा हा चांगला दाखला.

पुढे १४९६ साली इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवर एक छोटा ग्रंथ छापला गेला. तो ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीने लिहिला अशी समजूत आहे, खात्री नाही. त्यात बारा माश्या महिन्यांच्या क्रमाने दिल्या आहेत. एका अर्थी ते माश्यांचे पंचांगच. नवशिक्याला असे पंचांग फार आवडते. महिना बघायचा, माशी लावायची, विचार करायचा नाही.

विचार करणारा माणूस आला १८३६ मध्ये. आल्फ्रेड रोनाल्ड्स याने इंग्लंडमधल्या ब्लाइथ नदीच्या काठी एक निरीक्षणाची झोपडी बांधली आणि आत बसून तो ट्राउटकडे बघत राहिला. माशांना चव कळते का, हे पाहण्यासाठी त्याने मेलेल्या घरमाश्यांना मोहरी आणि तिखट फासून त्या नळीतून पाण्यावर फुंकल्या. ट्राउटनी त्याही खाल्ल्या! लपून बंदुकीचा बार काढला, मासे हलले नाहीत. मात्र काठावरचा माणूस माशाला केव्हा दिसतो आणि केव्हा दिसत नाही, हे त्याने आकृती काढून समजावले. रोनाल्ड्सचे पुस्तक किड्यांच्या रंगीत चित्रांसाठी गाजले. मला त्यातली ही आकृती अधिक मोलाची वाटते. कारण दोन दिवस मी लालभडक टोपी घालून काठावर ताठ उभा होतो.

१८५७ मध्ये स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्टने तर सरळ सांगितले की, इतक्या माश्यांची गरजच नाही. त्याचे काम तीन साध्या माश्यांवर भागत असे. त्याचा भर होता तो कुठे उभे राहायचे यावर. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, कारण खाणे वरून वाहत येते. म्हणून खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जायचे आणि माशी वरच्या अंगाला टाकायची. मी नेमका समोरून, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून जात होतो.

मग लंबक पुन्हा दुसरीकडे गेला. दक्षिण इंग्लंडमधल्या संथ, नितळ नद्यांवर फ्रेडरिक हॅलफोर्ड यांनी १८८६ साली तरंगत्या माश्यांवर पुस्तक काढले. खऱ्या किड्याची हुबेहूब नक्कल करायची आणि ती पाण्यावर तरंगतीच ठेवायची, असा त्यांचा आग्रह. अनुयायांनी त्याचा धर्म केला. खुद्द हॅलफोर्ड यांनी १९१० मध्ये आपली यादी ३३ नमुन्यांवर आणली. त्याच वर्षी जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाचे पुस्तक आले. त्यांनी पकडलेल्या ट्राउटच्या पोटात काय सापडते ते तपासले होते. तिथे बहुतेक करून पंख न फुटलेले, पाण्याखालचे किडे निघत. यांना ‘निम्फ’ म्हणतात. मासा जेवतो पाण्याखाली, तर माशी पाण्यावरच का ठेवायची, हा त्यांचा साधा प्रश्न. पण साध्या प्रश्नाचाच राग येतो. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये यावर रीतसर वाद झाला, तेव्हा स्क्यूज ऐंशीच्या घरात होते. पुढे फ्रँक सॉयर या नदीच्या राखणदाराने तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे पीस एवढ्यावरच एक निम्फ बनवला. तो आज जगभर वापरतात.

आता तीर्थनवर येऊ. ट्राउट मुळात आपला नव्हेच. इंग्रजांना हिमालयाच्या थंड पाण्यात आपला आवडता मासा हवा होता. काश्मीरला १८९९ मध्ये पाठवलेली अंडी वाटेतच खराब झाली. पुढच्या वर्षी आलेली जगली आणि श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या मिचेल नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने ती वाढवली. १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात, कटराईंजवळ, ट्राउटचे उबवणी केंद्र निघाले. गंमत बघा, माझ्या डबीतल्या माश्या इंग्लंडच्या किड्यांच्या नकला होत्या. तीर्थनच्या ट्राउटने ते किडे कधी पाहिलेच नसतील. तरी तो त्या माश्यांना लागतो. म्हणजे माझी माशी शिंकत होती ती डबीत नव्हे.

ती कुठे, ते त्या वृद्ध गृहस्थांनी दाखवले. गरवताना आपण शिसे फेकतो, दोरी त्याच्यामागून जाते. इथे पिसाच्या माशीला वजनच नसते. म्हणून फेकायची ती दोरी, आणि त्यासाठीच ती जाड असते. काठी मागे नेल्यावर दोरी पाठीमागे हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचे, मगच पुढे आणायची. मी थांबत नव्हतो. दोरी चाबकासारखी कडाडायची आणि माशी झुडपात अडकायची. दुसरी गोष्ट प्रवाहाची. मधली धार वेगाने वाहते, कडेचे पाणी सावकाश. धारेने दोरी ओढली की माशी पाण्यावर रेघ मारत पळते. वाहत आलेला किडा असा पळत नाही. म्हणून आडव्या धारेत दोरी कमीत कमी पडू द्यायची, जवळ जायचे, थोडीच दोरी सोडायची. अर्धा तास दगडावर बसून मी पाहिले ते हेच: कुठे बुडबुडे सावकाश वाहतात आणि कुठे मोठ्या दगडाआड एखादा मासा हळूच वर येतो.

नवशिक्याला माझे सांगणे एवढेच. चार-पाच माश्या पुरेत. दोन तरंगणाऱ्या, दोन-तीन पाण्याखालच्या, लहान-मोठ्या. उरलेले पैसे वाचवा आणि तो वेळ पाणी पाहण्यात घालवा.

त्या संध्याकाळी एक ट्राउट लागला. वीतभराचा, अंगावर लाल-काळे ठिपके. हात ओले करून धरला, नातवाला दाखवला आणि लहान म्हणून परत सोडला. “आजोबा, कोणती माशी होती?” त्याने विचारले. मी गळाकडे पाहिले. सकाळपासून झुडपात अडकून तिची पिसे झडली होती, अर्धा दोरा सुटला होता. ती चाळीसपैकी कुठली, हे मला सांगता आले नाही.