मोहाच्या मद्याचे विस्मरण कोणी घडवले?

१/ मोठ्या शहरांतील काही मद्यालयांत हल्ली मोहाचे मद्य नव्या थाटात अवतरले आहे. देखणी बाटली, पेल्यात लिंबाची चकती आणि सोबत ‘विस्मृतीत गेलेले पेय’ अशी ओळख. पण हे पेय विसरले कोण? की ते कुणाला तरी विसरायला लावले गेले? हा धागा त्याविषयी.

२/ मोह म्हणजे संस्कृतातील मधूक. फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या सुमारास त्याची मांसल, गोड फुले गळतात. गोंड, भिल्ल, वारली, कातकरी कुटुंबे ती वेचून वाळवतात. ही फुले टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देतात. तीच भिजवून, आंबवून, भट्टीवर ऊर्ध्वपातन केले की मद्य होते. फुलांतील साखरेपासून असे मद्य गाळण्याची परंपरा जगात विरळाच. जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी देवाला आणि पूर्वजांना आधी त्याची धार सोडली जाई.

३/ मग आला १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. सरकारला गावोगावच्या लहान भट्ट्या नको होत्या, कारण तेथे कर मोजता येत नसे. देखरेखीखालील मोजक्या मद्यनिर्मितिगृहांत दारू गाळायची, तिच्या तीव्रतेनुसार कर घ्यायचा आणि विक्री मक्तेदारांकडे द्यायची, अशी ही व्यवस्था. मुंबईजवळचे उरण हे त्याचे मोठे केंद्र. तेथे गाळली जाणारी दारूही मोहाचीच होती!

४/ म्हणजे सरकारचे वैर मोहाशी नव्हते. उरणची दारू महसूल ठरली आणि पाड्यावरची दारू गुन्हा ठरली. फूल एकच, कृतीही जवळपास तीच. फरक होता तो करवसुलीचा.

५/ तरीही जंगलातली भट्टी विझेना. म्हणून १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास ‘म्हौरा कायदा’ झाला आणि बंधन मद्यावरून थेट फुलांवर आले. मोहफुलांचा साठा आणि व्यापार यांवर सरकारी नियंत्रण बसले. जे फूल अडीअडचणीला अन्न होते, तेच घरात ठेवणे संशयास्पद झाले.

६/ या कथेला दुसरी बाजूही आहे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून सुरू झालेली देवीची चळवळ डोंगराळ भागांतून सुरत जिल्ह्यापर्यंत पसरली. अंगात आलेल्या देवीने आज्ञा केली : दारू-ताडी सोडा, दारूच्या मक्तेदारांशी व्यवहार तोडा. हजारो आदिवासींनी ती पाळली. दारूचे दुकान आणि कर्जाची वही पुष्कळदा एकाच मालकाकडे असे, हे लक्षात घेतले म्हणजे या त्यागातील बंड दिसते. जुने मद्य आठवताना हे विसरून चालणार नाही.

७/ स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि मोहफुलांवरील निर्बंध पुढेही चालू राहिले. दरम्यान ‘देशी दारू’ या नावाखाली दुकानांत प्रामुख्याने उसाच्या मळीपासूनची दारू मिळू लागली. नाव देशी, पण मोहाचा तिच्याशी संबंध उरला नाही.

८/ गेल्या काही वर्षांत चित्र पालटले. २०१८ मध्ये डेस्मंड नाझरेथ यांच्या कंपनीने मोहाचे बाटलीबंद मद्य बाजारात आणले. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरील निर्बंध उठवले. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा-मद्याचा दर्जा देऊन आदिवासी बचतगटांना निर्मितीची वाट मोकळी केली.

९/ २०२२ चा महाराष्ट्राचा निर्णय मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने जपून ठेवावा असा. मोहफुलांपासूनच्या मद्याला ‘विदेशी मद्य’ या वर्गात स्थान देण्याचे ठरले. हेतू चांगला : अधिक मोल, अधिक बाजारपेठ. पण या मातीतल्या फुलाला प्रतिष्ठेसाठी कागदोपत्री विदेशी व्हावे लागले, हा १८७८ पासूनच्या वर्गवारीचाच वारसा नव्हे काय?

१०/ म्हणून ‘विस्मृत’ हा शब्द मला खटकतो. ज्यांनी हे मद्य घडवले, ते ते कधीच विसरले नव्हते. त्यांना ते लपवावे लागले. पुनरुज्जीवन खरे की खोटे, याची कसोटी चव नव्हे. पहाटे फुले वेचणाऱ्या बाईला बाटलीच्या किमतीतला किती वाटा मिळतो आणि तिच्या घरची भट्टी आजही गुन्हाच आहे का, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर तेथे सापडेल.