पावतीचा शब्द

वर्धा जिल्ह्यांतील देवळी हा कापसाचा मुलूख. शेतकऱ्यानें गाडी बाजारांत आणली आणि व्यापाऱ्यानें ‘माल पोंचला’ असें लिहून दिलें, तर त्या शब्दांचा अर्थ काय? माल केवळ आवारांत आला, कीं तोलून कोठारांत गेला? मध्यंतरीं आग लागली, तर नुकसान कोणाचें? पावतीवरील शब्द संदिग्ध असला म्हणजे भांडण ठरलेलेंच. हाच प्रश्न पुढें संगणकांच्या जगांत निराळ्या रूपानें उपस्थित झाला.

एका संगणकावरील मजकूर दूरच्या दुसऱ्या संगणकाच्या, म्हणजे सर्व्हरच्या, तबकडीवर ठेवण्याची ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ ही पद्धति अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९८४ च्या सुमारास सिद्ध केली. इंटरनेटचे नियम ज्या ‘आर.एफ.सी.’ लेखमालेंत प्रसिद्ध होतात, तिच्या १०९४ क्रमांकाच्या लेखांत मार्च १९८९ मध्यें या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम छापले गेले. सर्व्हरनें ‘झालें’ असें उत्तर दिलें, म्हणजे मजकूर स्थिर संग्रहांत पोंचलाच आहे असें पाठविणाऱ्यानें समजावें, असा दंडक होता. दंडक चोख होता. पण प्रत्येक लेखनासाठीं तबकडीची वाट पाहावी लागे व काम रेंगाळे. म्हणून कांहीं ठिकाणीं मजकूर तात्पुरत्या स्मृतींत असतांनाच ‘झालें’ असें कळविण्यांत येऊं लागलें. अशा वेळीं वीज गेली, कीं पावती हातीं राही आणि माल नाहींसा होई.

जून १९९५ मधील तिसऱ्या आवृत्तीनें, म्हणजे आर.एफ.सी. १८१३ नें, एका शब्दाचे दोन केले. ‘मिळालें’ ही कच्ची पावती. ‘कायम ठेवलें’ ही पक्की. मजकूर कच्च्या पावतीवर भराभर पाठवावा आणि शेवटीं ‘कमिट’ ही आज्ञा देऊन पक्की पावती मागावी. पावतीबरोबर सर्व्हर एक खूण देतो. तो मध्येंच बंद पडून पुन्हां सुरू झाला, तर ती बदलते. बदललेली खूण दिसतांच मजकूर पुन्हां पाठवावयाचा. तोंपर्यंत आपली प्रत टाकावयाची नाहीं. ‘स्थिर’ या शब्दाची व्याप्तीही ठरली: लागोपाठ वीज गेली, संगणकाची कार्यप्रणाली कोलमडली, किंवा संग्रहाचें माध्यम सोडून अन्य भाग बिघडला, तरी मजकूर वांचला पाहिजे.

मार्च १९९७ मध्यें स्कॉट ब्रॅडनर यांनीं आर.एफ.सी. २११९ मध्यें आज्ञार्थी शब्दांच्याच पायऱ्या लावून दिल्या. ‘केलेंच पाहिजे’ येथें सवलत नाहीं. ‘करावें’ येथें सबळ कारण असल्यास, परिणाम तोलून, मोकळीक आहे. ‘करतां येईल’ हें सर्वस्वी ऐच्छिक. तरीही इंग्रजींत हे शब्द सामान्य अर्थानेंही येतात, तेव्हां नियम कोणता व वर्णन कोणतें, हा घोळ उरला. मे २०१७ मधील आर.एफ.सी. ८१७४ नें निर्णय दिला, कीं हे शब्द मोठ्या लिपींत असतील तेव्हांच त्यांना तो विशेष अर्थ. देवनागरींत लहानमोठीं अक्षरें नाहींत. तेथें ही वाट मिळाली नसती.

चौथ्या आवृत्तीचे नियमही २०००, २००३ आणि २०१५ असे तीनदां लिहावे लागले. कापसाच्या गाडीमागें शेतकऱ्याचें वर्षभराचें कष्ट असतें. संगणकांत कोणाचे हिशेब, कोणाचीं घरचीं छायाचित्रें असतात. तीं दुसऱ्याच्या कोठारांत ठेवतांना आपली प्रत केव्हां पुसावी, एवढें पावतीवरून निःशंक कळलें पाहिजे.